चेष्टा करीन, वहिनी

मुकुंदा, तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. ओट्यापाशी जाते, काय करायला आले ते विसरते, गॅलरीत जाऊन खालची ऑटोची रांग बघते, पुन्हा आत येते. चहा गाळून ठेवते आणि त्यावर साय धरते. शेवटी हे म्हणाले, "अगं, काय हरवलंय तुझं?" काय सांगू यांना? काल तुझ्या तेराव्याला, बालीगंजच्या तुमच्या घरात, तुझ्या आईसमोर, माईंसमोर मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. ते बरोबर केलं की चूक, एवढंच तुला विचारायचं होतं. एरवी तू लगेच तावातावाने भांडला असतास. आता दोन्ही बाजूंनी मलाच भांडावं लागतंय, आणि तुझी बाजू मांडताना मी तुझ्यासारखेच हातवारे करते, असं हे म्हणतात.

तुझीमाझी ओळखच मुळी भांडणाने झाली. यांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि मला सॉल्ट लेकमधल्या एका संशोधन केंद्रात समुपदेशकाची नोकरी लागली. एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून एक लस तयार होत होती. ती माणसांना खरंच वाचवते का, हे पाहायचं होतं. त्यासाठी स्वयंसेवक हवे होते, आणि तेही असे की ज्यांना आज लागण नाही पण उद्या होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त. अशी माणसं पाटी लावून मिळत नाहीत. ती ज्याच्यावर विश्वास ठेवतील असा एक माणूस आधी शोधावा लागतो. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कोणीतरी तुझ्याकडे बोट दाखवलं. शाळेत गणित शिकवत होतास, घर तीन पिढ्या कोलकात्यातलं, आणि आपला ओढा पुरुषांकडे आहे हे तू कधी लपवलं नव्हतंस, मिरवलंही नव्हतंस. मी विचारलं, "उद्या केंद्रावर येशील का? काम समजावून सांगते." तू हातात प्रसादाचा द्रोण धरून अगदी नम्रपणे म्हणालास, "चेष्टा करीन, वहिनी."

माझा पाराच चढला. ओळख ना पाळख, आणि हा पठ्ठ्या तोंडावर सांगतो, तुमची चेष्टा करीन! घरी येईपर्यंत टॅक्सीत मी धुमसत होते. यांना सांगितलं तर हे हसून हसून डोळे पुसायला लागले. शाखेत बसून यांना एव्हाना बरंच बंगाली कळू लागलं होतं. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तू आपला साधेपणाने "प्रयत्न करीन" म्हणत होतास. तुमच्या घरात मराठी टिकली होती, पण शेजारच्या बंगालीने तिच्या कपाटात हात घालून काही वस्तू इकडच्या तिकडे केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तू खरोखरच आलास, तेव्हा मी तुला पहिला धडा दिला, "प्रयत्न म्हण, प्रयत्न." तू म्हणालास, "प्रयत्न म्हणायची चेष्टा करीन." हे मात्र तू मुद्दाम म्हणालास. शेवटपर्यंत त्या शब्दाचं तू काही बदललं नाहीस, आणि पुढे पुढे तर तू प्रयत्न करतोयस की माझी टिंगल, ते मलाही ओळखू येईना.

केंद्रात मराठी बोलणारे आपण दोघंच, त्यामुळे भांडायला एक खासगी भाषा मिळाली. आपली सहकारी शर्मिष्ठा फायलींमागून मान वर करायची आणि म्हणायची, "आबार शुरू होलो." झालं यांचं पुन्हा सुरू. मूळ कारण एकच असायचं. तू माणसं आणायचास कमी आणि परत पाठवायचास जास्त. बालीगंज स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तू संध्याकाळी बसायचास. दक्षिणेकडून गाडीने येणारे तुझ्या ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे तिथे थांबायचे. घरी बायको-मुलं असलेले, लग्न ठरत आलेले, कोणाला कधीच काही न सांगितलेले. तू त्यांच्याशी फुटबॉलवर बोलायचास, मग पावसावर, मग कधीतरी चौथ्या-पाचव्या भेटीत लसीवर. इकडे मला वरून फोन यायचे, या महिन्यात किती? मी तुझ्यावर ओरडायची, "अरे तू माणसं जमवतोस की हाकलतोस?" तू म्हणायचास, "वहिनी, तुम्ही उंटावर बसून बकऱ्या हाकता. एकदा टपरीवर येऊन बसा." मी म्हणायची, "उंटावरून शेळ्या, बकऱ्या नाही." तू म्हणायचास, "बकरी, शेळी, जे असेल ते. उंटावरून उतरा."

उतरले नाही मी. दरवेळी काहीतरी काम निघायचं.

एक शब्द मात्र मी तुला दिला, आणि तो तू माझ्यापेक्षा चांगला वापरलास. "हाय रिस्क" हे तुला तोंडातून काढवत नसे. समोर बसलेल्या माणसाला, तुझ्या जिवाला धोका जास्त म्हणून आम्हाला तू हवास, हे कुठल्या तोंडाने सांगायचं, असं विचारायचास. बंगालीत सांग, हिंदीत सांग, ऐकणाऱ्याची मान खालीच जायची. एकदा मी सहज सांगितलं, की आमच्याकडे जोखीम या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. लग्नाला जाताना आई दागिने रुमालात बांधून कमरेला खोचायची आणि बजावायची, "गर्दीत जपून चाला रे, अंगावर जोखीम आहे." तू टेबलावर हात आपटलास. "म्हणजे जोखीम म्हणजे सांभाळून न्यायचं सोनं? अहो वहिनी, हे आधी नाही का सांगायचं!" त्यानंतर भर बसमधून तुझा फोन यायचा, मोठ्या आवाजात, बिनदिक्कत, "दोन जोखमी घेऊन येतोय. चहा ठेवा." शेजारी बसलेल्या त्या दोन जोखमींना तू त्याचा अर्थ आधीच सांगून ठेवलेला असायचास. दोघं हसतच आत यायचे. मान खाली घालून आलेल्या माणसाशी बोलायला आणि हसत आलेल्या माणसाशी बोलायला किती फरक पडतो, हे काही मला तुला सांगायला नको.

बिपुल आठवतो ना? इथे त्याला बिपुल म्हणते, आणि म्हणते की तो ब्लाउज शिवतो. नावही खरं नाही आणि धंदाही नाही. तेवढं खोटं तुझ्याच शिस्तीतलं. तो सही करायला अगदी उतावळा होता. त्याला वाटत होतं, एकदा सुई टोचली की काळजी मिटली. मी समजावलं. काहींना लस मिळेल, काहींना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय मिळालं ते आम्हालाही कळणार नाही, आणि लस मिळाली तरी ती लागू पडतेच असं अजून कोणीच सांगू शकत नाही. तो मान डोलवत राहिला. माझ्या मते झालं होतं काम. तू म्हणालास, "थांब. आता मी बिपुल आणि तू मुकुंदा. मला भरती कर." तो गडबडला. चार वाक्यांनंतर त्याच्या तोंडून निघालंच, "घे रे, मग कशाची भीती नाही." तू त्याला परत पाठवलंस. तो पुन्हा आला, पुन्हा पाठवलंस. तिसऱ्यांदा तो आला तो चिडूनच, आणि तुझ्यासमोर बसून त्याने तुलाच झाडलं, की हे औषध नाही, हा शोध आहे, ही सुई घेतली तरी जपायचं तसंच जपायचं, आणि उद्या मन बदललं तर निघून जायचा हक्क आहे, कळलं का दादा? तू म्हणालास, "कळलं. आता सही कर." त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले नाही. ओरडायला हवं होतं खरं, कारण त्या महिन्यात आपला तो एकच.

आणि तो आणखी एक दिवस. तुला खरं संतापलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. बाहेरच्या खोलीत पाच-सहा जण बसले होते. येणारा प्रत्येक जण तुला कधी ना कधी विचारायचाच, "दादा, तुम्हाला आहे का?" आणि तुझं ठरलेलं उत्तर असायचं, "माझं विचारायचं नाही, तुझं कोणाला सांगायचं नाही." ताकाला तूर लागू द्यायचा नाहीस. त्या दिवशी एकाने तेच विचारलं, आणि नव्याने लागलेल्या आपल्या एका मुलीने तुझी बाजू घ्यायची म्हणून मोठ्याने सांगून टाकलं, छे छे, मुकुंददांचं काही नाही, ते निगेटिव्ह आहेत. तिला ठाऊक काहीच नव्हतं, बिचारी आपली चांगलं बोलायला गेली. तू तिला आत बोलावलंस. दार लावलंस, पण आवाज बाहेरपर्यंत येत होता. "तिथे कोपऱ्यात जो बसलाय त्याला तासाभरापूर्वी मी त्याचा रिपोर्ट सांगितलाय. तू मला पास केलंस ना, तेव्हाच त्याला नापास केलंस." ती रडायला लागली. मग तूच तिला चहा पाजलास, आणि कोपऱ्यातल्या त्या माणसाला घेऊन दवाखान्यात गेलास. त्याची औषधं सुरू करून देऊनच परतलास.

आपला शेवटचा वाद हॉस्पिटलमधला. तो अर्धाच राहिला आणि तोच मला छळतोय. ताप उतरत नव्हता, छाती भरली होती, नाकातोंडावर मास्क होता, आणि तू तो मास्क वर करून भांडत होतास. नर्स दोनदा रागावली. तू म्हणालास, "वहिनी, लस लागू पडते की नाही हे कळणार कसं? ज्यांना मिळाली नाही त्यांतल्या काहींना लागण झाली तरच ना? आणि आपण रोज त्यांना सांगतो, होऊ देऊ नका. मग आपण नक्की कोणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, "अरे, आपण कितीही समजावलं तरी काहींना होतेच." तू मास्क पुरता काढलास. "काही म्हणजे कोण? नाव सांगा."

मला नाव सांगता आलं नाही. सगळीच नावं डोळ्यांसमोर आली. घरी येताना मेट्रोत उत्तर सुचलं. सुचलं म्हणजे, अर्धं सुचलं. की मुकुंदा, धोका आपण आणला नाही, तो त्यांच्या दारात आधीपासून बसलेला आहे. आपण न जाऊन तो उठून जाणार नाही. आपण गेलो तर निदान त्यांच्या बाजूला कोणीतरी बसलेलं असेल. दुसऱ्या दिवशी येऊन सांगणार होते, आणि तू म्हणाला असतास, "नाव अजून सांगितलं नाहीत." ते ऐकायलाही मी तयार होते. पण तू थांबला नाहीस. वादात शेवटचा शब्द आपलाच असावा ही तुझी खोड जुनीच, पण म्हणून इतकं टोक गाठायचं?

आता कालचं सांगते.

तू कुठे काम करत होतास ते सगळ्यांना ठाऊक, आणि तू तापाने, छातीने गेलास तेही ठाऊक. मग काय, दोन आणि दोन चार करायला लोकांना वेळ लागतो थोडाच? तुझ्या पाठीमागे कुचेष्टा सुरू झाली होती. आपल्या मराठी शब्दांत हा मला फार नेमका वाटतो. मला फोनवर आडून आडून विचारून झालं होतं, मी मूग गिळून बसले होते. काल घर भरलं होतं. माई खुर्चीत, तुझी बहीण आतबाहेर करत होती. आणि दाराशी चपलांपाशी बिपुल उभा होता. आत यावं की नाही या विचारात. माईंनीच बंगालीत विचारलं, कोण बाबा तू? तो म्हणाला, पाड्यातला, म्हणजे इथल्याच वस्तीतला, दादांच्या ओळखीचा. माईंनी त्याला बोलावून आपल्या पायापाशी सतरंजीवर बसवलं, हातात लाडू दिला. तो लाडू न खाता तसाच धरून बसला.

आपल्या गणपतीच्या मंडळींतल्या कानिटकर काकू माझ्याशेजारी होत्या. बाई वाईट नाहीत रे. तू हॉस्पिटलमध्ये होतास तेव्हा रोज सॉल्ट लेकहून माईंसाठी मऊ भाताचा डबा त्यांनीच पाठवला. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "नीला, तू तिथलीच, तुला ठाऊक असणार. लोक काय वाट्टेल ते बोलतात. माईंच्या कानावर जाईल गं. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाक, की मुकुंदाला तसलं काही नव्हतं. तो निगेटिव्ह होता म्हणावं. संपलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माईसुद्धा.

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? एवढा वेळ सगळं मराठीत चाललेलं, बिपुलला त्यातलं काही कळत नव्हतं, तो लाडवाकडे बघत होता. पण निगेटिव्ह हा शब्द कुठल्याही भाषेत तोच. त्याने झटकन मान वर केली. त्याचा रिपोर्ट काय आहे ते तुला ठाऊक, मला ठाऊक, इथे लिहिणार नाही. तुझाही लिहिणार नाही. मला तो ठाऊक आहे की नाही, हेसुद्धा नाही. पण त्या क्षणी माझ्या जिभेवर "नव्हतं" हा शब्द आला होता, खरा असो की खोटा. तीन अक्षरं, आणि माईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. तुझं नाव धुऊन निघालं असतं, आणि धुवायचं म्हणजे त्यावर डाग होता हे मी सगळ्यांच्या आधी कबूल केलं असतं. मला ती बाहेरची खोली दिसली, तो कोपरा दिसला. मी म्हटलं, "काकू, ते मी सांगणार नाही. होतं असंही नाही, नव्हतं असंही नाही. तो कोणालाच सांगायचा नाही, आणि मीही सांगणार नाही."

काकूंनी हात सोडला. कोणीतरी सुस्कारा टाकला, आणि तो कसला ते मला कळलं. सांगत नाही म्हणजे होतंच, असं तीन-चार जणींच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसलं. माईंकडे बघायची माझी छाती होईना. मुकुंदा, माझ्या हाताने मी तुझं वाटोळं केलं असं वाटलं. अजूनही मधूनमधून वाटतं, आणि मग मी ओट्यापाशी जाते.

तेव्हा माई बोलल्या. अगदी हळू. "माझा मुकुंद चेष्टा करायचा गं. जन्मभर चेष्टा केली त्याने. फार चेष्टा केली."

कानिटकर काकूंचे डोळे भरून आले. "हो ना हो माई, भारी थट्टेखोर होता. हसवून हसवून मारायचा." बाकीच्यांनीही माना डोलावल्या, एकीने तुझी एक जुनी गंमतही सांगायला घेतली. जड झालेली खोली हलकी झाली, आणि माई तुमच्या घरच्या मराठीत काय म्हणाल्या ते त्या क्षणी आमच्यातल्या कोणालाच कळलं नाही, मलाही नाही. तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला. इतक्या मराठीत बिपुलला एकच शब्द ओळखीचा सापडला होता. तो माईंच्या पायाला हात लावून म्हणाला, "हॅं माशीमा. दादा खूब चेष्टा कोरतेन." होय मावशी, दादा खूप प्रयत्न करायचे. माईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. तुझ्या घरच्या मराठीचा अर्थ तुझ्या तेराव्याला एका बंगाली माणसाने लावला आणि आम्ही सगळ्या मराठी बायका भलत्याच गोष्टीला हसत बसलो.

माईंना काय काय ठाऊक होतं रे? मला वाटतं, सगळंच. कधी विचारणार नाही.

निघताना बिपुल माझ्यासोबत जिना उतरला. लाडू त्याने कागदात बांधून खिशात ठेवला होता. खाली फाटकापाशी तो थांबला. स्टेशनच्या टपरीवर अजून काही जण येऊन बसतात, म्हणाला. तू नाहीस हे ठाऊक असून येतात, चहा पितात, थोडा वेळ थांबतात, जातात. मग त्याने विचारलं, "एबार के आशबे, दिदी?" आता कोण येणार?

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. माझं बंगाली ऐकून तुला हसू आवरायचं नाही. तिथल्या बाकावर माझ्यासारखी बाई येऊन बसली तर निम्मे उठून जातील. आणि तुझा तो प्रश्न, नाव सांगा, त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. हे सगळं त्याला सांगायला बंगाली शब्द जुळवत होते, ते काही जुळेनात.

"चेष्टा करीन," म्हटलं. मराठीतच. त्याला कळलं.